दहा ते अकरा मराठी बंद

जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बाईला घरी गेल्यावर सांगावं लागत नाही की ती कुठून आली. केसांत, भुवयांत, पर्सच्या चेनमध्ये रुई अडकलेली असते. कितीही झटका, एखादा पुंजका राहतोच. आमच्या रविवारच्या इंग्रजी सर्कलचे किस्से माझ्या अंगाला असेच चिकटलेत. मी मुद्दाम काही गोळा केलेलं नाही. पण चार मैत्रिणी बसल्या की एक किस्सा निघतो, त्याच्यामागून दुसरा येतो, आणि मग नवरा आतून विचारतो, "झालं का तुमचं इंग्रजी? कुकर लावायचा आहे की नाही?"

मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई करणाऱ्या कारखान्यात, डिस्पॅचला आहे. रुईच्या गाठी ट्रकमध्ये चढल्या की गेटपास मी फाडते. आणि सर्कल चालवतात ते आमचे खोब्रागडे सर. ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाले आणि महिनाभर घरात बसल्यावर काकूंना नकोसे झाले. बुद्धविहाराची अभ्यासिका रविवारी सकाळी रिकामी असते, तिथे त्यांनी फुकट सर्कल सुरू केलं. काम एवढंच, की आठवड्याला पाच नवीन शब्द शिकायचे आणि उभं राहून तीन मिनिटं बोलायचं. नियम मात्र कडक. दहा ते अकरा मराठी बंद! ज्याच्या तोंडून पहिला मराठी शब्द निघेल, त्यानं त्या दिवशी सगळ्यांचा चहा करायचा.

पहिल्या रविवारी आम्ही अकरा जण जमलो. सरांनी घड्याळ पाहिलं, "नाऊ, ओन्ली इंग्लिश!" म्हणाले, आणि अभ्यासिकेत जी शांतता पसरली ती विचारू नका. चहा करावा लागेल म्हणून मराठी कोणी बोलेना, आणि इंग्रजी येत असतं तर आलो कशाला असतो? सगळे मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून बसलेले. सर एकेकाकडे बघायचे, तो आणखी मान खाली घालायचा.

सव्वादहाला समोरच्या गल्लीतल्या शेवंताबाई विहारात मेणबत्ती लावायला आल्या. त्यांनी दारातून आत पाहिलं. चपला काढल्या, पदर सारखा केला आणि मागच्या सतरंजीवर डोळे मिटून बसल्या. त्यांना उठवायचं तर सरांना मराठी बोलावं लागणार! ते बिचारे गप्प राहिले.

अकरा वाजले. सर "ओके" म्हणाले. शेवंताबाईंनी सावकाश डोळे उघडले, हात जोडले आणि म्हणाल्या, "सर, लय बरं वाटलं. मी दहा दिवसाच्या शिबिराले गेलती, पण इतकं शांत तिथी बी नोतं. हे ध्यान रोज ठेवता का?"

* * *

धोटेकाकांना सर्कलमध्ये मी ओढून आणलं. ते आमच्या जिनिंगचे ग्रेडर. बावीस वर्षं झाली. रुईची चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून ओढतात, ओढून आलेले धागे अंगठ्याच्या नखावर ठेवून पाहतात आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतात. लांबी मोजायचं मशीन नंतर आलं. आणि मशीन बरोबर चालतंय की नाही हे आम्ही काकांना विचारून ठरवायचो.

पण आता मधला दलाल गेला. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांचे मालक स्वतः माल बघायला येऊ लागले, आणि त्यांना ना मराठी येते ना हिंदी. आमच्या शेठजींचा पुतण्या पुण्याहून एमबीए करून आलेला. तो म्हणाला, क्वालिटी इन्चार्जची पोस्ट काढू, नागपूरचा एक पोरगा माझ्या बघण्यात आहे, इंग्रजी एकदम फाडफाड. शेठजींना काकांचं वाईट वाटलं असावं. होळीनंतर त्यांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. "धोटे, पुढच्या जानेवारीत मोठी पार्टी येणार हाय. माल तुमी समजावून सांगा, पण इंग्रजीत. जमलं तर क्वालिटीची खुर्ची तुमची. नाई जमलं तर तो पोरगा येईन, अन् तुमी त्याच्या हाताखाली."

काका बाहेर आले, माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "मॅडम, मी त्या पोराले रुई ओढायले शिकवू, अन् वरून त्यालेच सर म्हणू?"

मला ते वाक्य आठवलं की अजून राग येतो. मी म्हटलं, "रविवारी दहा वाजता तयार राहा."

* * *

तर काका आले, आणि आल्या आल्या त्यांनी घोळ घातला.

सरांचं म्हणणं असं की नवीन शब्द चिठ्ठीवर लिहा आणि वस्तूवर चिकटवा. जाता येता दिसला की डोक्यात बसतो. मी फ्रीजवर, कुकरवर, नवऱ्याच्या हेल्मेटवर चिठ्ठ्या लावल्या. काकांना त्या आठवड्यात मिळालेले शब्द त्यांच्याच कामाचे होते. एक्सलंट, सुपीरिअर, युनिफॉर्म, ब्राइट, क्लीन. काकांनी सुनेकडून स्केचपेननं ठळक अक्षरात चिठ्ठ्या लिहून घेतल्या आणि गोडाऊनमधल्या सगळ्यात चांगल्या लॉटच्या गाठींवर नेऊन चिकटवल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रक लागला. दुपारी मी गेटपास करायला गेले तर ट्रक अर्धा रिकामा, आणि बत्तीस गाठी बाजूला भिंतीशी लावलेल्या. हमालांच्या मुकादमाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "काकाची चिठ्ठी हाय न त्याईवर! काकाची चिठ्ठी म्हंजे माल बाद. बावीस वर्षं झाले, तुमी काय आमाले सांगता!"

शेठजी आले. पुतण्या आला. पुतण्यानं चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या आणि हसला. त्याचं हसणं मला आवडलं नाही. शेठजी काकांवर कडाडले, "धोटे, तुमी इंग्रजी शिकून राह्यले का माल अडवून राह्यले?" काका घामाघूम. मी मुकादमाला समजावलं, बाबा, यावर लिहिलंय की हा माल एक नंबर आहे.

मुकादम माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत राहिला. "मॅडम, चांगल्या मालाले कोनी चिठ्ठी लावते का?"

* * *

दुसऱ्याला हसणं सोपं आहे, म्हणून आता माझंही सांगून टाकते.

माझं पहिलं भाषण. विषय होता 'माझं कुटुंब'. मी घरी तयारी केलेली, पण उभी राहिले आणि समोर नुसते चेहरे दिसायला लागले. डोकं कोरं झालं! पंधरा वर्षं गेटपास लिहून माझ्या हाताला आणि तोंडाला एकच इंग्रजी ठाऊक. तेच सुरू झालं. नवऱ्याचं नाव, गाव, वजन, कधी आला, कुठून आला. "कंडिशन गुड. नो डॅमेज. वन मदर-इन-लॉ अटॅच्ड." मुलांचं सांगितलं, "टू पीसेस." आणि शेवटी काय बोलावं सुचेना तर म्हटलं, "प्लीज चेक अँड साइन."

कोणी हसलं नाही. सगळ्यांना वाटलं भाषण असंच असतं. सरांनी मात्र खिशातून पेन काढलं, माझी वही घेतली, पानाच्या खाली झोकात सही केली आणि वर लिहिलं, 'रिसीव्ह्ड इन गुड कंडिशन'.

ती वही नवऱ्यानं कपाटात जपून ठेवलीय.

* * *

गिरडचे अस्लमभाई दर रविवारी पहिल्या बसनं येतात. टेकडीवरच्या दर्ग्याच्या वाटेवर त्यांचं चादरी-फुलांचं दुकान आहे. लांबून लांबून लोक येतात, त्यांना दर्ग्याबद्दल चार गोष्टी धड सांगता याव्यात म्हणून इंग्रजी.

अस्लमभाईंची अडचण वेगळी होती. शब्द भरपूर यायचे, पण उभं केलं की हात कुठे ठेवायचे ते कळेना. खिशात घालायचे, काढायचे, टेबल पकडायचे, आणि या सगळ्यात तोंड बंद. "सर, दुकान में तो बोल लेता हूँ. इथी काऊन नाही येत?" सरांनी विचार केला आणि पुढच्या वेळी दुकानातला सुईदोरा आणि फुलं घेऊन यायला सांगितलं. मग काय! अस्लमभाई गुलाब ओवत ओवत जे बोलायला लागले! तीन मिनिटांत भाषणही पूर्ण आणि हारही पूर्ण. तो हार त्या दिवशी चांगलं बोलणाऱ्याच्या गळ्यात.

गावात एका संस्थेनं खुली इंग्रजी वक्तृत्व स्पर्धा ठेवली. सरांनी अस्लमभाईंचं नाव दिलं. ते पिशवीत फुलं घेऊन स्टेजवर चढले. भाषण छान झालं. संपलं तेव्हा हातात भला मोठा हार. आता याचं करायचं काय? समोर मुख्य परीक्षक बसलेले. अस्लमभाई खाली उतरले, सवयीनं त्यांच्याच गळ्यात हार घातला, हात मिळवले आणि जागेवर येऊन बसले.

अस्लमभाईंचा दुसरा नंबर जाहीर झाला आणि बाकीचे स्पर्धक उठले. ही लाच आहे! परीक्षक हार काढू की ठेवू अशा अवस्थेत. आयोजक सरांकडे धावले. सर शांतपणे उभे राहिले.

"लाच असती तर भाषणाआधी घातली असती. आणि पहिला नंबर आला असता!"

* * *

एक छोटासा.

एका रविवारी पावणेअकराला काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, अभ्यासिकेच्या खिडकीशी आल्या. "अहो, गॅस संपला. सिलिंडर लावून द्या." आम्ही सगळे सरांकडे बघतोय. चहा करावा लागणार की काय! सर मान वर न करता म्हणाले, "मॅडम, काइंडली वेट टिल इलेव्हन." काकू एक शब्द न बोलता निघून गेल्या. सरांच्या चेहऱ्यावर केवढा आनंद!

पुढच्या रविवारी दहा वाजायच्या आत सर म्हणाले, "मंडळी, एक कळलं. माझ्या घरी हा नियम दहा ते अकरा नसतो. रविवार ते बुधवार असतो."

* * *

वडनेरच्या मालाताई शेती करतात. पाच एकर, कापूस आणि तूर. कापूस दरवर्षी आमच्याच जिनिंगला आणतात. त्यांच्या मुलीनं हैदराबादच्या मुलाशी लग्न केलं. जावई हिंदी बोलतो, पण विहीणबाईंना तेलुगू आणि इंग्रजी सोडून काही येत नाही. लग्नात चार दिवस दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या. मालाताई मला म्हणाल्या, "वंदना, गाल दुखले माये. आता बोलायचंच."

आमच्याकडे जो विषय असेल ते भाषण मालाताई दुपारी फोनवर विहीणबाईंना ऐकवायच्या. शेवटचं 'थँक यू वन अँड ऑल'सुद्धा. विहीणबाईंना ते आवडायला लागलं. लेक सांगायची, सासूबाई रविवारी फोन चार्ज करून बसतात.

मग लेकीला दिवस गेले आणि पहिल्यांदा वाद आला. डोहाळजेवण कुठे? मालाताईंना वडनेरला करायचं होतं, सासरचे हैदराबादला म्हणत होते. मालाताई सरांना म्हणाल्या, या रविवारी विषय हाच ठेवा. सरांनी ठेवला! धोटेकाका सोडून सगळ्यांनी उभं राहून 'डोहाळजेवण मालाताईंच्याच घरी का व्हावं' यावर तीन-तीन मिनिटं भाषण केलं. अस्लमभाईंनीही केलं, हार ओवत. मालाताईंनी त्यातले बारा मुद्दे वहीत उतरवले आणि तिथूनच, आमच्यासमोर, स्पीकरवर फोन लावला.

पहिला मुद्दा झाला. दुसरा झाला. तिसरा अर्ध्यात असताना पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, "ओके, ओके. यू डू. वुई विल कम."

आम्ही टाळ्या वाजवायला हात उचलले. मालाताईंनी आम्हाला हातानंच थांबवलं. चेहरा पडलेला. त्यांनी वहीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि काकुळतीला येऊन म्हणाल्या, "नो, नो! प्लीज डोंट ॲग्री. नाइन पॉइंट्स आर रिमेनिंग!"

आणि बाकीचे नऊ मुद्दे विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकले. मला त्या बाईचं फार कौतुक वाटतं.

* * *

या सगळ्या काळात धोटेकाका काय करत होते? गप्प बसत होते. हजेरीला "प्रेझेंट सर" आणि जाताना "थँक यू सर". वही मात्र भरत चाललेली, शब्दांवर शब्द. सर बोलायला उभं करायचे, काका उभे राहायचे, तीन मिनिटं नुसते उभे राहून खाली बसायचे. पण एकही दिवस चुकवला नाही. सुनेनं सांगितलं की अंगणात एकटेच पुटपुटतात.

दसऱ्याच्या आधीचा रविवार. त्या दिवशी आमची प्रगती इतकी झाली, इतकी झाली की अकरा वाजले तरी एकाच्याही तोंडून मराठी शब्द निघाला नाही! सरांचे डोळे भरून आले. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं, तेही इंग्रजीत. आणि मग लक्षात आलं, चहा कोण करणार?

नियम म्हणजे नियम. मराठी बोलल्याशिवाय चहा नाही, आणि पहिल्यांदाच जमलेलं ते मोडायचं कोणी? सव्वाअकरा झाले. सगळे बसून. अस्लमभाईंनी दोनदा जांभई दिली. मालाताई पातेल्याकडे बघत होत्या. सर घड्याळाकडे बघून न बघितल्यासारखं करत होते.

शेवटी कोपऱ्यातून आवाज आला. "जाऊ द्या बाप्पा. मीच बोलतो." काका उठले आणि त्यांनी स्टोव्ह पेटवला.

सगळे हसले, मीही हसले. पण नंतर कप विसळताना ते माझ्याशी बोलले ते हसण्यासारखं नव्हतं. "मॅडम, मले शब्द येते. पण समोरच्याच्या तोंडाकडे पाह्यलं का वाटते, याले माह्यापेक्षा जास्त येते. मंग जीभच हालत नाई. त्या पार्टीले तर किती येत असन!" मला रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, कप नीट धुवा.

* * *

डिसेंबरात सरांनी काकांसाठी दोन पानांचं भाषण लिहून दिलं. मी टाइप केलं. मग तालीम ठरली. कोणीतरी पार्टी व्हायचं, काकांनी त्याला माल दाखवायचा. मी जिनिंगमधून पिशवीभर रुई आणि कापूस आणला. मालाताई म्हणाल्या, पार्टी मी होते.

त्या खुर्चीवर अशा टेकून बसल्या, पायावर पाय टाकून, की आम्ही बघतच राहिलो. काकांनी कापूस पुढे केला. मालाताईंनी दोन बोटांनी उचलला, नाकाशी नेला आणि टाकून दिला. "मॉइश्चर."

काका म्हणाले, "सर?"

"मॉइश्चर! फुल मॉइश्चर! व्हेरी बॅड! नेक्स्ट!"

आता काकांच्या हातचा माल. त्यात ओलावा आहे म्हणणारा माणूस जिनिंगमध्ये बावीस वर्षांत कोणी झाला नाही. काका लाल झाले. आणि जन्मात पहिल्यांदा धडाधड इंग्रजी बोलले. "नो मॉइश्चर! नो! यू टच! यू सी प्रॉपर! फ्रॉम मॉर्निंग आय ड्राय! यू आर नॉट लुकिंग, ओन्ली टॉकिंग!"

अभ्यासिका दणाणून गेली. सरांनी टाळ्या वाजवल्या, अस्लमभाई उठून उभे राहिले. काका स्वतःच चकित होऊन उभे. मालाताई मात्र खुर्चीतून उठल्या नाहीत. अकराला दहा मिनिटं कमी होती, पण त्या सरळ मराठीत बोलल्या.

"काका, आमच्या कापसाच्या गाडीजवळ उभं राहून बावीस वर्षं तुमी मले हेच 'मॉइश्चर' म्हनत आले. मी बी सकाळपासून वाळवतच होती न."

त्या दिवशी चहा मालाताईंच्या वाट्याचा होता. त्या उठायच्या आत काकांनी पातेलं घेतलं होतं.

* * *

आणि मग जानेवारीतला तो दिवस.

पार्टी आली. आम्हाला वाटलं होतं कोटातला कोणी असेल. गाडीतून उतरले पांढरा शर्ट, पांढरी लुंगी नेसलेले, पासष्टीचे एक गृहस्थ. सोबत फक्त ड्रायव्हर. शेठजी, पुतण्या, सगळे मीटिंगच्या खोलीत. धोटेकाका इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात दोन पानं. डिस्पॅचचं टेबल दाराशीच आहे, म्हणून मला सगळं दिसत होतं.

शेठजींनी खूण केली. काका उभे राहिले. "गुड मॉर्निंग, रिस्पेक्टेड सर." आणि थांबले.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. माझ्या ओठांवर होतं. पण मी कसं बोलणार? काकांनी पाहुण्यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं आणि मला माहीत होतं त्यांना काय वाटलं असेल. अर्धं मिनिट गेलं. शेठजी खाकरले. पुतण्यानं मोबाइल खाली ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली.

तेवढ्यात पाहुण्यांनीच हात वर केला. "वन मिनिट." त्यांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. चष्मा लावला. उभे राहिले. आणि शाळेतल्या मुलासारखा कागद दोन्ही हातांनी धरून वाचायला लागले. "गुड मॉर्निंग. आय ॲम हॅपी टू सी युवर फॅक्टरी. माय इंग्लिश इज स्मॉल. प्लीज स्पीक स्लो. थँक यू." कागदाची घडी घातली, कपाळावरचा घाम पुसला आणि काकांकडे पाहिलं.

काकांचे खांदे खाली आले. मला दारातून दिसले. खिशातली दोन पानं त्यांनी बाहेर काढलीच नाहीत. "कम, सर," म्हणाले.

दोघं रुईच्या ढिगापाशी गेले. काकांनी चिमूट ओढली. पाहुण्यांनी आपली ओढली, नखावर ठेवून पाहिली. "थर्टी," ते म्हणाले. शेठजी खूश झाले, तीस म्हणजे भाव चढला! काकांनी मान हलवली. "नो सर. ट्वेंटी-नाइन." शेठजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुतण्यानं धावत जाऊन नमुना मशीनवर लावला आणि कागद घेऊन परत आला. कागद त्यानं कोणाला दाखवला नाही. पाहुण्यांनीच त्याच्या हातातून घेतला, वाचला आणि काकांच्या पाठीवर एक थाप मारली.

मग दीड तास दोघं गोडाऊनमध्ये होते. मी गेटपासचं निमित्त काढून तीनदा चक्कर मारली. "धिस?" "गुड." "धिस?" "नॉट गुड. रेन." "हाऊ मेनी इयर्स?" "ट्वेंटी-टू. यू?" "फॉर्टी." दोघांचं मिळून वीस शब्दांच्या वर इंग्रजी झालं नसेल. परत आले तेव्हा पाहुणे शेठजींना बोट दाखवून म्हणाले, "नेक्स्ट टाइम, फोन, ओन्ली हिम." शेठजी पुतण्याकडे वळून हळूच म्हणाले, "त्या नागपूरच्या पोराले नाई म्हनून सांगून दे."

चहा आला. पुतण्याला ते लागलं असावं. तो उठला, शर्ट सारखा केला आणि पाहुण्यांसमोर उभा राहून बोलायला लागला. इंग्रजी खरंच फाडफाड! व्हिजन, सप्लाय चेन, ग्लोबल, सिनर्जी. चार मिनिटं एक श्वाससुद्धा घेतला नाही. मीसुद्धा मनात म्हटलं, सरांनी हे ऐकायला हवं होतं. बोलून झालं आणि तो हसून खाली बसला.

पाहुण्यांनी बशी टेबलावर ठेवली. काकांच्या बाजूला झुकले आणि हळू आवाजात विचारलं, "व्हॉट ही इज सेइंग?"

काकांनी पुतण्याकडे नीट पाहिलं. क्षणभर विचार केला.

"ही इज सेइंग गुड मॉर्निंग, सर."